धातूंचे नॅनोकण व कोशिकेतील आयन-मार्ग

धातूंचे नॅनोकण व कोशिकेतील आयन-मार्ग : सोने, चांदी यांसारख्या धातूंचे अथवा लोखंड, जस्त इत्यादींच्या ऑक्साइडांचे सु. १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकारमानाचे कण सजीव कोशिकेच्या (पेशीच्या) संपर्कात आले असता तिच्या पटलातील आयन-मार्गांवर होणारा परिणाम. आयन-मार्ग म्हणजे कोशिकापटलात आरपार रुतलेली, विद्युत् भारित अणूंना (आयनांना) ये-जा करू देणारी प्रथिने होत. तंत्रिकेतील (मज्जातंतूतील) संदेशवहन, हृदयाचे स्पंदन, स्नायूंचे आकुंचन आणि ग्रंथींचे स्रवण ही कार्ये या मार्गांच्या उघडझापीवर अवलंबून असतात. त्यामुळे नॅनोकणांनी मार्ग अडविला तर अपाय संभवतो आणि तो इच्छेनुसार उघडता आला तर उपचाराचे नवे साधन मिळते. हा परिणाम कण कोणत्या धातूचा आहे एवढ्यावरून ठरत नाही. कणाचे आकारमान, त्याच्या पृष्ठावरील आवरण, त्यापासून विरघळून सुटणारे आयन आणि त्याला बाहेरून दिलेली ऊर्जा या चार गोष्टी स्वतंत्रपणे विचारात घ्याव्या लागतात. त्यांची गल्लत झाल्यामुळे या विषयात काही चुकीचे निष्कर्षही काढले गेले आहेत.

आयन-मार्गांची रचना व कार्य : कोशिकापटल हे मेद रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असून त्याची जाडी सु. ५ नॅनोमीटर असते. मेद थरातून आयन सहसा पार होऊ शकत नाहीत. कोशिकेच्या आत पोटॅशियम आयन अधिक, तर बाहेर सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड आयन अधिक असतात. विश्रांत स्थितीतील तंत्रिका कोशिकेची आतील बाजू बाहेरच्या मानाने सु. ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हे वर्चस् अल्प वाटले, तरी ते इतक्या पातळ थरावर पडत असल्याने तेथील विद्युत् क्षेत्र दर मीटरला सु. १·४ कोटी व्होल्ट इतके तीव्र असते. पटलाच्या या वर्चसात बदल होताच काही मार्गांच्या प्रथिनांचे भारित भाग सरकतात व मार्ग उघडतो. अशा मार्गांना वर्चस्-नियंत्रित मार्ग म्हणतात. इतर काही मार्ग विशिष्ट रासायनिक द्रव्य चिकटल्याने, उष्णतेने अथवा पटलावर ताण पडल्याने उघडतात.

ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड तंत्रिका तंतूवर प्रयोग करून सोडियम व पोटॅशियम आयनांच्या प्रवाहांचे गणिती वर्णन १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. १९६३ च्या नोबेल पारितोषिकात ते दोघे सहविजेते होते. मार्ग हे स्वतंत्र रेणू आहेत याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र एर्व्हिन नेहर व बेर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका मार्गातील प्रवाह मोजल्यावर मिळाला (नोबेल पारितोषिक १९९१). रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जीवाणूतील पोटॅशियम मार्गाची अणुपातळीवरील रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली (नोबेल पारितोषिक २००३). या मार्गाचा सर्वांत अरुंद भाग सु. १·२ नॅनोमीटर लांब व सु. ०·३ नॅनोमीटर रुंद आहे. तेथे पोटॅशियम आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू टाकून देतो व प्रथिनातील ऑक्सिजन अणू त्यांची जागा घेतात. सोडियम आयन लहान असूनही तेथे नीट बसत नाही, म्हणून तो मागे राहतो. अशी निवड करीत असतानाही एका मार्गातून सेकंदाला एक कोटी वा त्याहून अधिक आयन जाऊ शकतात.

या मापांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. आयन-मार्गाचे समग्र प्रथिन सु. १० नॅनोमीटर रुंद, म्हणजे अनेक नॅनोकणांच्याच आकारमानाचे असते. परंतु त्याचे छिद्र लहानात लहान धातुकणापेक्षाही पुष्कळच अरुंद असते. तेव्हा कण मार्गातून आत शिरतो ही कल्पना बहुधा चुकीची ठरते. कणाची क्रिया मार्गाच्या मुखाशी, प्रथिनाच्या बाह्य भागावर किंवा सभोवतीच्या मेद थरावर होते.

नॅनोकणांचे गुणधर्म : सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या कलिलाचा माणकासारखा लाल रंग कणांच्या आकारमानामुळे येतो, हे मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये दाखविले होते [⟶ कलिल]. सु. २० नॅनोमीटर व्यासाचे सुवर्णकण सु. ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश प्रकर्षाने शोषतात. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्राबरोबर एकत्रितपणे आंदोलित होत असल्यामुळे असे घडते. शोषलेल्या ऊर्जेचे अत्यल्प काळात उष्णतेत रूपांतर होते.

कण जसजसा लहान होतो तसतसे त्याच्या पृष्ठावर असलेल्या अणूंचे प्रमाण वाढते. २० नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणात सु. अडीच लाख अणू असतात व त्यांपैकी शेकडा ६–७ अणूच पृष्ठावर असतात. याउलट जर्मन रसायनशास्त्रज्ञ गुंटर श्मिड यांनी १९८१ मध्ये वर्णन केलेल्या ५५ अणूंच्या सुवर्णपुंजात एक अणू मध्यभागी, १२ त्याभोवती व ४२ सर्वांत बाहेर अशी मांडणी मानली जाते. म्हणजे तीन-चतुर्थांशांहून अधिक अणू पृष्ठावरच असतात. सु. १·४ नॅनोमीटरचा हा पुंज ठोकळ सोन्यासारखा निष्क्रिय राहत नाही.

असे कण एकमेकांना चिकटून त्यांचा साका होऊ नये म्हणून त्यांच्यावर सायट्रेट, फॉस्फीन, थायॉल यांसारख्या रेणूंचे आवरण द्यावे लागते. थायॉलातील गंधकाचा सोन्याशी होणारा बंध बळकट असतो, तर सायट्रेट व फॉस्फीन यांची पकड त्यामानाने सैल असते. कोशिकेला प्रथम भेटते ते धातूचे पृष्ठ नसून हे आवरण होय. रक्तात अथवा ऊतकद्रवात गेल्यावर त्यावर प्रथिनांचे आणखी एक वेष्टन चढते. याला प्रथिनवलय म्हणतात. त्यामुळे प्रयोगनळीतील कण व शरीरातील कण यांचे रासायनिक स्वरूप भिन्न असू शकते.

मापनपद्धती : आयन-मार्गावरील परिणाम अजमावण्यासाठी नेहर व साकमान यांच्या पटल-बंधन पद्धतीचा मुख्यत्वे उपयोग होतो. सु. १ मायक्रोमीटर तोंडाची काचेची नळी कोशिकापटलावर टेकवून किंचित चोषण केले असता काच व पटल घट्ट चिकटतात आणि त्यांमधील विद्युत् रोध अब्जावधी ओहमपर्यंत जातो. मग नळीखालील पटलातूनच प्रवाह वाहू शकतो व एका मार्गाची उघडझापही नोंदविता येते. येथील प्रवाह पिकोअँपिअरमध्ये (अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागात) मोजतात. १ पिकोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला सु. ६२ लाख एकभारी आयनांचे वहन होय. कॅल्शियमाच्या हालचाली पाहण्यासाठी प्रकाशमान होणारी रंजकद्रव्ये वापरतात. तथापि सुवर्णकण स्वतःच प्रकाश शोषतात व जवळच्या रंजकद्रव्याचे प्रकाशन मंदावतात. यामुळे केवळ रंजकद्रव्याच्या वाचनावर विसंबून काढलेला निष्कर्ष फसवा ठरण्याची शक्यता असते.

मार्गाचा रोध : हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर तेथील स्नायू-कोशिकांचे वर्चस् पूर्वस्थितीत आणण्याच्या कार्यात ‘हर्ग’ नावाच्या पोटॅशियम मार्गाचा मोठा वाटा असतो. तो अडला तर विद्युत् हृल्लेखातील एक कालखंड लांबतो व हृदयाच्या तालात प्राणघातक बिघाड होऊ शकतो. या कारणामुळे टर्फेनाडीन हे अधिहर्षतेवरील (ॲलर्जीवरील) औषध १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. तेव्हापासून नव्या औषधांची हर्ग मार्गावर चाचणी घेणे हा सुरक्षितता-परीक्षणाचा नेहमीचा भाग झाला आहे.

सुवर्णकणांची अशीच चाचणी जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह घेऊन तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. फॉस्फीन आवरणाच्या १·४ नॅनोमीटर कणांनी हर्ग मार्ग कायमचा रोधला. कण धुऊन काढल्यावरही प्रवाह पूर्ववत झाला नाही. जवळजवळ तेवढ्याच आकारमानाच्या, परंतु थायॉल आवरणाच्या कणांचा मात्र काहीच परिणाम दिसला नाही. धातू तोच व आकारमानही सारखेच असताना एक कण मार्ग बंद पाडतो व दुसरा पाडत नाही, यावरून आवरणाचे महत्त्व लक्षात येते. फॉस्फीन सैल असल्याने सोन्याचे पृष्ठ उघडे पडते व ते प्रथिनाला चिकटते, असे याचे स्पष्टीकरण संभवते. याच अभ्यासात सजीव प्राण्यावर प्रयोग केले असता दोहोंपैकी कोणत्याही कणाने मार्ग रोधला नाही. शरीरात कणांवर चढणारे प्रथिनवलय ध्यानी घेतले, तर हा विरोधाभास समजण्यासारखा आहे. काचपात्रातील निष्कर्ष जसाच्या तसा शरीराला लावणे किती धोक्याचे आहे, याचे हे बोलके उदाहरण होय. अर्थात त्यावरून असे कण निर्धोक आहेत असेही सिद्ध होत नाही.

विरघळलेल्या आयनांची क्रिया : सोने शरीरद्रवात जवळजवळ विरघळत नाही; चांदी, जस्त व तांबे यांचे कण मात्र हळूहळू आयन सोडतात. धातूंच्या आयनांचा मार्गांवरील परिणाम नॅनोकणांच्या अभ्यासाआधीपासून ज्ञात आहे. कॅडमियम आयन वर्चस्-नियंत्रित कॅल्शियम मार्ग रोधतात, तर हृदयातील सोडियम मार्ग जस्ताच्या आयनांना संवेदनशील असतो. चांदीच्या आयनांना प्रथिनातील सिस्टीन या ॲमिनो अम्लाच्या गंधकाची ओढ असते. गोड्या पाण्यातील माशांच्या कल्ल्यांमध्ये सोडियम व पोटॅशियम यांची अदलाबदल करणारे एंझाइम चांदीच्या आयनांनी निष्प्रभ होते व माशांच्या शरीरातील लवणे कमी होत जातात.

चांदीच्या नॅनोकणांमुळे उंदराच्या जातीच्या प्राण्यांच्या मेंदूतील तंत्रिका कोशिकांचा सोडियम प्रवाह घटतो, असे २००९ मध्ये चीनमधील संशोधकांना आढळले. अशा प्रत्येक निरीक्षणाबाबत ही क्रिया कणाची की त्यापासून सुटलेल्या आयनांची, हा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्याचे उत्तर शोधण्याची वाट दाखविली. चांदीच्या कणांपासून आयन सुटण्यास ऑक्सिजन लागतो. म्हणून जीवाणूंवर हे कण ऑक्सिजनविरहित परिस्थितीत सोडून पाहिले, तेव्हा त्यांची मारकशक्ती दिसून आली नाही. हा प्रयोग आयन-मार्गांवरचा नसला, तरी कणाची व आयनाची क्रिया वेगळी करण्याची ही रीत सर्वत्र उपयोगी आहे. शरीरद्रवातील क्लोराइडामुळे चांदीच्या आयनांचा अवक्षेप (साका) होतो, ही बाबही अशा प्रयोगांत हिशेबात घ्यावी लागते.

पृष्ठभाराचा परिणाम : कोशिकापटलाचे बाह्य पृष्ठ सामान्यतः ऋण भारित असते, म्हणून धन भारित कण त्याकडे ओढले जातात. निरनिराळ्या भारांची आवरणे दिलेल्या सुवर्णकणांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत धन भारित कणांनी पटलाचे वर्चस् सर्वाधिक प्रमाणात घटविले व कोशिकेतील कॅल्शियम वाढविले. इतर कणांचा परिणाम नगण्य होता. येथे कणाने एखादा मार्ग प्रत्यक्ष धरला असे म्हणता येत नाही. पटलाचे वर्चस् बदलल्याने वर्चस्-नियंत्रित मार्ग आपोआप उघडू शकतात, तसेच मेद थराची घडण बिघडून आयन झिरपूही शकतात. प्रथिनावरील साक्षात् क्रिया व पटलामार्फत होणारी अप्रत्यक्ष क्रिया यांतील फरक मार्गाचे विशिष्ट रोधक वापरूनच ओळखता येतो.

प्रकाश व उष्णता : सुवर्णकणांना प्रकाशाने तापवून तंत्रिका कोशिका उद्दीपित करता येतात. शिकागो विद्यापीठातील फ्रान्सिस्को बेझानिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे दाखविले की, पटल एकदम तापले असता त्याची विद्युत् धारणा (भार साठवण्याची क्षमता) बदलते व त्यामुळे क्षणिक प्रवाह निर्माण होऊन वर्चस् घटते. ते पुरेसे घटल्यास सोडियम मार्ग उघडतात व तंत्रिका आवेग उमटतो. म्हणजे उष्णता सोडियम मार्ग थेट उघडत नाही. ती पटलाचे वर्चस् बदलते व मार्ग आपल्या नित्याच्या रीतीने प्रतिसाद देतात.

याच गटाने २०१५ मध्ये २० नॅनोमीटरचे सुवर्णकण सोडियम मार्गाला चिकटणाऱ्या एका विषाशी जोडले. हे विष ब्राझीलमधील एका विंचवापासून मिळते. नुसते कण द्रवाच्या प्रवाहाने वाहून जात, तर विष जोडलेले कण कोशिकेला धरून राहत व हिरव्या प्रकाशाच्या मिलिसेकंदांच्या स्पंदाने आवेग उमटवीत. टीआरपीव्ही-१ व अन्य एका मार्गाला ओळखणारी प्रतिपिंडे वापरूनही हे साधले. या तंत्रात कोशिकेच्या जनुकांत बदल करावा लागत नाही, हा मोठा लाभ होय.

टीआरपीव्ही-१ हा मार्ग सु. ४३° से. तापमानाला तसेच मिरचीतील तिखट घटकाने उघडतो. डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये ओळखला व त्याबद्दल ज्यूलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी सोन्याच्या सूक्ष्म शलाका प्रतिपिंडांद्वारे या जातीच्या मार्गाला जोडून, दृष्टिपटल निकामी झालेल्या उंदरांत अवरक्त प्रकाशाची संवेदना निर्माण केल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. सोन्याचे कण गोल न घेता लांबट घेतले असता ते अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, या गुणधर्माचा येथे उपयोग केलेला आहे.

चुंबकीय क्षेत्राची क्रिया : प्रकाश ऊतकात फार खोल जात नाही, चुंबकीय क्षेत्र मात्र जाते. प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रात लोखंडाच्या ऑक्साइडाचे किंवा फेराइटाचे कण तापतात. या तत्त्वावर अमेरिकेतील बफालो येथे २०१० मध्ये ६ नॅनोमीटरच्या मँगॅनीज फेराइट कणांनी टीआरपीव्ही-१ मार्ग उघडून दाखविण्यात आले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील पोलिना अनिकीव्हा यांच्या गटाने २०१५ मध्ये २२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण उंदराच्या मेंदूत खोलवर टोचून, तेथील कोशिकांत हा मार्ग जनुकाद्वारे निर्माण करून, सेकंदाला ५ लाख आवर्तनांच्या क्षेत्राने त्या उद्दीपित केल्या.

याच सुमारास कण टोचण्याऐवजी कोशिकेत स्वाभाविकपणे तयार होणारे फेरिटीन हे लोहधारक प्रथिन मार्गाला जोडल्यास तो चुंबकाने उघडतो, असे दावे पुढे आले. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मार्कुस माइस्टर यांनी साधे भौतिकीय गणित मांडून त्यांवर आक्षेप घेतला. फेरिटिनात जास्तीत जास्त सु. ४,५०० लोह अणू असतात व ते मॅग्नेटाइटप्रमाणे प्रबळ चुंबकत्व दाखवीत नाहीत. माइस्टर यांच्या हिशेबाने त्यापासून मिळणारे बल वा उष्णता मार्ग उघडण्यास लागणाऱ्या प्रमाणापेक्षा एक लाख ते एक हजार कोटी पटींनी कमी पडते. त्यांपैकी एका दाव्याची पुनरावृत्ती करण्याचे तीन स्वतंत्र गटांचे प्रयत्न अयशस्वी झाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. क्षेत्रामुळे फेरिटिनातून लोह सुटून रासायनिक विक्रिया होतात व त्यांमुळे मार्ग उघडत असावेत, असे पर्यायी स्पष्टीकरणही सुचविण्यात आले आहे. संश्लेषित मॅग्नेटाइट कणांवरील प्रयोगांना हा आक्षेप तसाच लागू होत नाही, कारण त्यांचे चुंबकत्व कितीतरी अधिक असते.

यांत्रिक ताणाने उघडणारे ‘पिझो’ नावाचे मार्ग आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने २०१० मध्ये शोधले. त्याबद्दल २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा उर्वरित अर्धा भाग पटापूटियन यांना देण्यात आला. पटलाला चिकटविलेले चुंबकीय कण ओढून असे मार्ग उघडण्याचे प्रयत्न चालू आहेत. येथेही लागणारे बल व प्रत्यक्ष मिळणारे बल यांचा ताळमेळ प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

धोके व परीक्षण : चांदीचे कण जखमांवरील पट्ट्यांत, जस्ताच्या ऑक्साइडाचे कण उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांत वापरात आहेत. अखंड त्वचेवर लावलेले द्रव्य व थेट रक्तात सोडलेले द्रव्य यांच्या धोक्यांत मोठे अंतर असते. शिरेतून द्यावयाच्या कणांच्या बाबतीत हृदयावरील परिणामांची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. परंतु नेहमीच्या औषधांसाठी आखलेल्या चाचण्या नॅनोकणांना अपुऱ्या पडतात. औषधाचा रेणू विद्रावात एकसारखा पसरतो. कण मात्र तळाशी बसतात, एकत्र गोळा होतात, नळ्यांना चिकटतात व प्रथिनांनी मढले जातात. यामुळे दिलेली मात्रा व कोशिकेपर्यंत पोहोचलेली मात्रा सारखी राहत नाही.

म्हणून अशा अभ्यासात काही पथ्ये पाळणे अगत्याचे असते. कणांबरोबर त्याच धातूच्या आयनांच्या द्रावणाचा, तसेच कणांविना केवळ आवरण-रेणूंचा परिणाम मोजावा लागतो. प्रत्यक्ष वापरलेल्या द्रवातच कणांचे आकारमान व भार तपासावे लागतात. प्रकाश व चुंबकीय क्षेत्र यांचा कणांशिवाय काय परिणाम होतो, हेही पाहावे लागते. निष्कर्ष प्रथिनयुक्त द्रवात व पुढे सजीव प्राण्यात टिकतो की नाही, ही अखेरची कसोटी होय. या पायऱ्या गाळल्या तर निरुपद्रवी कण घातक ठरू शकतो व घातक कण निर्धोक म्हणून रुग्णाच्या शरीरात जाऊ शकतो.